करपलेली कॉइल आणि कोरी कॉइल

समईतले तेल संपत आले की काय होते, हे घरोघरी ठाऊक आहे. ज्योत फडफडते, वातीच्या टोकावर काजळी धरते आणि तेल पुरते आटले की कापसाची वातच जळू लागते. तो करपट वास आला की आतून कुणीतरी ओरडते, ‘‘अगं, समई बघ!’’ ई-सिगारेट, म्हणजे तरुणांच्या भाषेत ‘व्हेप’, या उपकरणात नेमके हेच घडते. फरक एवढाच की तिथे ज्योतीऐवजी विजेने तापणारी तार असते आणि करपल्याचा वास देवघरात न पसरता थेट फुप्फुसात जातो.

चीनमधील हॉन लिक या औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमारास या उपकरणाला आजचे रूप दिले. त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले आणि तो स्वतः सिगारेट ओढत असे. धूर नको, पण निकोटिन मिळावे, हा त्यामागचा विचार. उपकरणाची रचना साधी आहे. एक बॅटरी, द्रव साठवणारी छोटी टाकी, त्या द्रवात भिजलेला कापूस आणि कापसाला वेढलेली किंवा चिकटलेली बारीक तार. ही तार म्हणजे कॉइल. ती बहुधा लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या किंवा निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची असते. विजेच्या शेगडीत आणि टोस्टरमध्ये लाल होणारी तार याच कुळातली. झुरका घेतला की तार तापते, कापसातल्या द्रवाची वाफ होते, ती हवेत निवून तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात आणि तेच आत ओढले जातात. त्याला वाफ म्हणायची पद्धत पडली आहे. प्रत्यक्षात ते धुके आहे.

या कॉइलचे आयुष्य किती, हा व्हेप वापरणाऱ्यांचा जिव्हाळ्याचा विषय. साधारण एक-दोन आठवडे चालते, असा अनुभव सांगतात. पण काही द्रव असे की तीन दिवसांत कॉइल काळीठिक्कर पडते. ‘हलका माल कॉइल खातो, चांगला माल कॉइल टिकवतो’ असा समज त्यातून रूढ झाला आहे. यात रसायनशास्त्रापुरते तथ्य आहे. मात्र त्यापुढे जाऊन ‘कॉइल स्वच्छ राहते म्हणजे छातीही स्वच्छ राहते’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि घात तिथे होतो.

आधी तथ्य पाहू. या द्रवाचा मोठा भाग दोन पदार्थांचा असतो : प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. पहिला १८८ अंश सेल्सियसला उकळतो, दुसरा २९० अंशांना. दोन्ही शुद्ध असतील आणि कापूस नीट भिजलेला असेल, तर दोन्ही बऱ्यापैकी उडून जातात, मागे फारसे काही उरत नाही. त्यातले ग्लिसरीन मधासारखे दाट असते. त्याचे प्रमाण जास्त झाले आणि कॉइलची छिद्रे लहान असली, तर द्रव कापसापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, आणि समईसारखी कोरडी वात जळू लागते.

कॉइलचा खरा वैरी मात्र गोडवा. आंबा, स्ट्रॉबेरी, कस्टर्ड असे जे द्रव जिभेला गोड लागतात, त्यात पुष्कळदा सुक्रालोज घातलेले असते. साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड असलेला हा पदार्थ उडून जात नाही. तो तारेवर बसतो, तपकिरी होतो, मग काळा. दूध आटवताना पातेल्याच्या तळाला खरवड धरते, तसा थर तारेवर चढतो. रंग आणि तंबाखूच्या पानांचा अर्क हेही असेच मागे उरणारे पदार्थ. थर चढला की तारेची उष्णता द्रवापर्यंत सारखी पोहोचत नाही. काही जागा प्रमाणाबाहेर तापतात, वापरणारा वाफ कमी येते म्हणून बटण जास्त वेळ दाबून धरतो किंवा वीज वाढवतो आणि करपणे आणखी वेगाने होते. गिझरच्या कॉइलवर क्षार चढल्यावर पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जाते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे समजावून सांगायला नको.

सुक्रालोजचे एवढ्यावर भागत नाही. त्याच्या रेणूत क्लोरिनचे तीन अणू असतात. तो तापून फुटला की क्लोरिनयुक्त घातक संयुगे तयार होतात, आणि त्याच्या सोबतीने मूळ द्रवाचे विघटनही वाढते, असे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. (मधुमेही वाचकांनी चहातल्या गोळीची धास्ती घेऊ नये. चहा शंभर अंशांना उकळतो. कॉइलचे तापमान त्याच्या दुपटीहून अधिक असते.)

कोरड्या वातीवर ग्लिसरीन करपले की त्यापासून ॲक्रोलिन बनते. कढईतले तेल जास्त तापून धूर येऊ लागतो, तेव्हा डोळे चुरचुरतात आणि ठसका लागतो. त्यात या ॲक्रोलिनचा मोठा हात असतो. श्वासनलिकेच्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते सतत हलून कफ आणि धूळ वर ढकलत असतात. ॲक्रोलिन त्यांना लुळे करते. दुसरा पदार्थ फॉर्माल्डिहाइड, ज्याची मानवात कर्करोग घडवणारा म्हणून नोंद आहे. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की ३.३ व्होल्टवर त्यांच्या उपकरणातून फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगे सापडली नाहीत, ५ व्होल्टवर मात्र सापडली. त्यावर मोठा वाद झाला. टीकाकारांचे म्हणणे असे, की इतके तापवल्यावर येणारा झुरका इतका कडवट असतो की कोणताही माणूस तो घेणारच नाही. जीभ आणि घसा हेच त्याचे रक्षक आहेत.

हा युक्तिवाद चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. कारण आजचे बरेचसे द्रव याच रक्षकांना गुंगी देण्यासाठी बनवलेले असतात. मेन्थॉल आणि तत्सम थंडावा देणारे पदार्थ घशाची चुरचुर दाबतात, निकोटिनचे क्षार वापरले की निकोटिनचा तिखटपणा जातो, आणि वरून गोडवा असतोच. खोकला हा शरीराचा पहारेकरी. त्याला आधी झोपवायचे आणि मग ‘काही त्रास तर होत नाही’ म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

आता कोऱ्या कॉइलकडे वळू. नवी तार, महागडा द्रव, करपट वास नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ जणांची रोजच्या वापरातली उपकरणे तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू नगण्य होते. तोच द्रव टाकीत, तारेच्या सान्निध्यात राहिल्यावर आणि वाफ होऊन बाहेर आल्यावर त्यात शिसे, निकेल, क्रोमियम, मँगनीज यांचे प्रमाण लक्षणीय वाढलेले होते. म्हणजे धातू उपकरणातूनच सुटत होते. आणखी विशेष असे की जे लोक कॉइल वारंवार बदलत, त्यांच्या वाफेत धातू जास्त आढळण्याकडे कल होता. जुनी कॉइल करपते म्हणून बदलावी, तर नवी तार आपले धातू अधिक सहज सोडते! निकेल आणि क्रोमियमची काही संयुगे श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाशी जोडलेली आहेत. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि वाढत्या वयातल्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत वाईट.

यापेक्षाही अडचणीचा प्रश्न असा की जे द्रव कॉइलला अजिबात धक्का लावत नाहीत, ते निर्धोक असतात का? लोण्याचा स्वाद देणारा डायअसेटिल हा पदार्थ घ्या. तो ८८ अंशांनाच उकळतो, म्हणजे पाण्याच्याही आधी. कॉइलवर त्याचा मागमूस राहत नाही. सगळाच्या सगळा वाफेबरोबर जातो. अमेरिकेतील मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातले कामगार २००० च्या सुमारास धाप लागून डॉक्टरांकडे येऊ लागले. त्यांच्या फुप्फुसांतल्या सर्वांत बारीक श्वासनलिका व्रणांनी कायमच्या चिंबल्या होत्या. लोण्याच्या स्वादाच्या वाफा हे कारण निघाले. पुढे २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ स्वादांची ई-सिगारेट उत्पादने तपासली, त्यातील ३९ मध्ये डायअसेटिल मिळाले. पॉपकॉर्नमधून तो पोटात गेला तर काही बिघडत नाही. ‘खाण्यायोग्य’ हा शिक्का पोटासाठी आहे, फुप्फुसासाठी नाही. जठरात आम्ल आहे, पुढे यकृत आहे. फुप्फुसाच्या वायुकोशात हवा आणि रक्त यांच्यामध्ये केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ पडदा आहे, बस्स.

ग्लिसरीनच्या शुद्धतेबद्दल तर महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळलेले होते. मूत्रपिंडे निकामी झाली. न्या. लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. दिसायला, चवीला दोन्ही द्रव जवळपास सारखेच, दाट आणि गोडसर. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ई-सिगारेटची १८ काडतुसे तपासली, तेव्हा त्यातल्या एकात हेच डायइथिलीन ग्लायकॉल सुमारे एक टक्का निघाले. वास, चव किंवा कॉइलचा रंग यावरून ते ओळखता आले नसते.

घरगुती कसोट्या किती फसव्या असतात, याचे सर्वांत दारुण उदाहरण २०१९ चे आहे. अमेरिकेत त्या उन्हाळ्यात एरवी धडधाकट तरुण ताप, खोकला, धाप, पोटदुखी, उलट्या अशा तक्रारी घेऊन रुग्णालयात येऊ लागले. एक्स-रे न्यूमोनियासारखा, पण जंतू सापडत नव्हते. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जणांचा मृत्यू. बहुतेकांनी गांजातील अमली घटक असलेली, चोरट्या बाजारातली काडतुसे वापरली होती. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतून धुऊन काढलेला द्राव तपासला, तेव्हा ४८ जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडले. ते तिथे आले कसे? ग्राहक काडतूस उलटे धरून आतला बुडबुडा किती सावकाश वर चढतो ते बघत. सावकाश म्हणजे माल दाट, अस्सल. विक्रेत्यांनी नेमकी हीच परीक्षा ओळखून मालात स्वस्त, दाट तेल मिसळले. दुधाची परीक्षा करणाऱ्याला चकवण्यासाठी दुधात काय काय घालतात, हे आपल्याला नवे नाही. हे तेल त्वचेवरच्या मलमांत सर्रास असते आणि निरुपद्रवी असते.

ब्रिटनसारख्या देशांत निकोटिनच्या द्रवावर नियम आहेत. एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही, रंग आणि जीवनसत्त्वे घालता येत नाहीत, प्रत्येक उत्पादनाची नोंदणी लागते. तिथले डॉक्टर सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना हे साधन सुचवतात, आणि तशा लोकांना त्याचा उपयोग होतो याला चांगला पुरावा आहे. जळत्या सिगारेटच्या तुलनेत धोका कमी, हेही खरे. पण ज्या सोळा वर्षांच्या मुलाने आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, त्याच्यासाठी या तुलनेला काही अर्थ नाही. त्याची तुलना स्वच्छ हवेशी करायला हवी.

भारतात सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि मग त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही शहरांतून चोरटी विक्री चालते आणि जप्तीच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. इथे मिळणारा माल बहुतेक वापरून फेकायच्या, रंगीत, पेनड्राइव्ह किंवा हायलायटरसारख्या दिसणाऱ्या उपकरणांचा. त्याची कॉइल बदलता येत नाही, बघताही येत नाही. द्रवात काय आहे हे सांगणारा कागद असला तरी तो खरा की खोटा हे तपासणारी यंत्रणा नाही, कारण बंदी असलेल्या वस्तूचा दर्जा कोण तपासणार? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये अशी फेकाऊ उपकरणे तपासली. काहींमध्ये आतले सुटे भाग शिसे असलेल्या मिश्रधातूचे होते आणि वापरायच्या आधीच शिसे द्रवात उतरलेले होते. कॉइलचा दोषच नव्हता.

बाह्यरुग्ण विभागात महिनाभर खोकणारा तरुण आला की ‘सिगारेट ओढतोस का?’ हा ठरलेला प्रश्न असतो आणि बहुधा ‘नाही’ हे खरे उत्तर मिळते. म्हणून ‘व्हेप करतोस का?’ असे वेगळे आणि आईवडिलांना बाहेर बसवून विचारावे लागते. सोडायचे असेल तर तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ निःशुल्क आहे. व्हेपचे निकोटिनही निकोटिनच आणि त्याचे व्यसनही तसेच. मुलाच्या दप्तरात असे उपकरण सापडले की पालक पहिल्या रागात ते फोडतात किंवा कचऱ्यात भिरकावतात. आत लिथियमची बॅटरी असते, फोडल्यास पेट घेते. द्रवातले निकोटिन लहान भावंडाच्या तोंडात गेले तर विषबाधा होते, ती वेगळीच. आणि मुलाला ताप, धाप असेल, तर ते उपकरण प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या आजाराचा छडा लागला तो रुग्णांच्या फुप्फुसांतल्या द्रावाबरोबरच त्यांच्याकडून मिळालेली अशी काडतुसेही तपासली गेली म्हणून.