छपराखालचा फुटबॉल

सायंकाळीं साडेपांच-सहाच्या सुमारास केडगांवच्या नव्या वस्तींतून फेरफटका मारणाऱ्यास एक दृश्य बहुधा दिसतें. दोन घरांच्या मध्यें एखादा मोकळा प्लॉट, विटांचे दोन ढीग म्हणजे गोल, आणि एका चेंडूमागें धांवणारीं दहा-पंधरा मुलें. चेंडू पुष्कळदां क्रिकेटचा असतो, कधीं फुटबॉलचा. पुढच्या वर्षीं त्या प्लॉटवर पाया खणला जातो आणि मुलें दुसरा प्लॉट शोधूं लागतात. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर घरें उभीं राहिलीं. घरें हवींतच, त्याविषयीं तक्रार नाहीं. पण खेळण्यास जागा कोठें, हा प्रश्न मागें उरतो. त्या प्रश्नाच्या एका उत्तराविषयीं आज मी बोलणार आहें. तें उत्तर म्हणजे बंदिस्त जागेंत पांच-पांच गड्यांनीं खेळावयाचा फुटबॉल.

कोणी म्हणेल, मोठें मैदान नाहीं म्हणून काढलेली ही पळवाट आहे. तसें समजणें बरोबर नव्हे. १९३० सालीं उरुग्वे देशानें आपल्याच राजधानींत, मॉन्टेव्हिडिओ येथें, फुटबॉलची पहिली जागतिक स्पर्धा जिंकली. शहरांतल्या पोरांस या खेळाचें वेड लागलें, पण मैदानें अपुरीं पडूं लागलीं. तेथील वाय. एम. सी. ए. या संस्थेंत हुआन कार्लोस सेरियानी नांवाचे शिक्षक होते. त्यांनीं सभागृहांत खेळतां येईल अशा फुटबॉलचे नियम बांधून दिले. पांच गड्यांची संख्या त्यांनीं बास्केटबॉलवरून घेतली, गोलाचें माप हँडबॉलवरून, आणि गोलरक्षकाविषयींचे नियम वॉटरपोलोवरून. या खेळास आज ‘फुटसाल’ म्हणतात. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत ‘सभागृहांतील फुटबॉल’ अशा अर्थाचे जे शब्द आहेत त्यांचें हें संक्षिप्त रूप होय. १९८९ सालीं नेदरलँड्समध्यें ‘फिफा’ची या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली व ती ब्राझीलनें जिंकली. स्त्रियांची अशी पहिली स्पर्धा २०२५ सालीं फिलिपाईन्समध्यें झाली. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें २०२१ सालीं फुटसालची पहिली क्लब स्पर्धा भरविली. सारांश, जागेच्या अडचणींतून जन्मलेला हा खेळ आज स्वतःच्या पायांवर उभा आहे.

आतां त्याची रचना थोडक्यांत पाहूं. अंगण सामान्यतः ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असतें. साध्या सामन्यांस २५ मीटर लांबी व १६ मीटर रुंदीही चालते. गोल ३ मीटर रुंद व २ मीटर उंच. चेंडू नेहमीच्या चेंडूहून लहान आणि कमी उसळणारा असतो, म्हणून तो पायापाशीं राहतो. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. खेळ थांबला कीं घड्याळही थांबतें. गडी केव्हांही बदलतां येतो. चेंडू रेषेबाहेर गेल्यास तो पायानें चार सेकंदांच्या आंत आंत आणावा लागतो. एका डावांत एखाद्या संघाचे दांडगाईचे पांच अपराध भरले, तर सहाव्या अपराधापासून प्रतिपक्षास भिंतीचा अडथळा नसलेला थेट फटका मिळतो. त्यामुळें धसमुसळेपणास आपोआप आळा बसतो. कांहीं ठिकाणीं, विशेषतः अमेरिकेंत, चौफेर भिंत असलेला प्रकारही खेळतात. त्यांत चेंडू भिंतीवर आपटून परत येतो. आपल्या शहरांतून तासाच्या भाड्यानें मिळणारीं जाळीबंद टर्फें हीं या दोन्ही प्रकारांच्या मधलीं म्हणावीं लागतील.

हा खेळ मुलांस काय देतो, हें एका साध्या गणितानें कळेल. मोठें मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद धरलें तर तेथें बावीस गड्यांपैकीं प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें ३२५ चौरस मीटर जागा येते. फुटसालच्या अंगणांत दहा गड्यांस मिळून ८०० चौरस मीटर, म्हणजे दर गड्यामागें ८०. जागा एक चतुर्थांश झाली, म्हणजे विचार करण्यास मिळणारा वेळही तितकाच आक्रसला. चेंडू येण्यापूर्वींच मान वळवून पाहावें लागतें, पहिल्याच स्पर्शांत तो ताब्यांत घ्यावा लागतो, आणि डावा पाय केवळ उभें राहण्यासाठीं आहे असें मानून चालत नाहीं. शिवाय मोठ्या मैदानावर बुजरें मूल एका कोपऱ्यांत उभें राहून सारा सामना काढूं शकतें. पांचांच्या संघांत तशी सोय नाहीं. चेंडू त्याच्याकडे येतोच. रोनाल्डिन्यो, मेस्सी, नेमार यांच्यासारखे नामांकित खेळाडू लहानपणीं फुटसाल खेळले होते, यांत नवल वाटण्याजोगें कांहीं नाहीं.

परंतु एका अंगाचें कौतुक करतांना दुसरें झांकूं नये. लांब पल्ल्याची धांव, हवेंतून येणाऱ्या चेंडूचा अंदाज, डोक्यानें मारावयाचा फटका, चाळीस पावलांवरच्या साथीदारास दिलेला चेंडू, या गोष्टी छपराखालीं शिकतां येत नाहींत. ज्यास मोठा फुटबॉल खेळावयाचा आहे त्यानें हा खेळ जोडीला ठेवावा. मोठ्या मैदानाची जागा तो घेऊं शकत नाहीं.

प्रौढांची गोष्ट निराळी आहे. नागापूरच्या औद्योगिक वसाहतींत पाळी करून आलेला कामगार, दिवसभर दुकानांत बसलेला व्यापारी, शाळेंतले शिक्षक, यांस बावीस जण जमविणें अशक्य असतें. दहा जण जमतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटें जोरकस व्यायाम सांगितला आहे. आठवड्यांतून दोनदां तासभर हा खेळ खेळल्यास त्यांतला मोठा भाग उरकतो. कोपनहेगन येथील संशोधकांनीं व्यायामाची संवय नसलेल्या प्रौढांस कांहीं महिने लहान संघांचा फुटबॉल खेळावयास लावून त्यांच्या प्रकृतीची तपासणी केली. तेव्हां रक्तदाब उतरल्याचें आणि दमश्वास वाढल्याचें आढळलें. याचें कारण खेळाच्या घडणींतच आहे. क्षणभर वेगानें धांवणें, क्षणभर थांबणें, पुन्हां वळणें, यामुळें हृदयास आळीपाळीनें काम व उसंत मिळते. आणि एकट्यानें पळणारा मनुष्य पाऊस दिसला कीं घरीं बसतो; चौघे वाट पाहत असतील तर तो जातो.

येथें सावधगिरीचे दोन शब्द सांगणें माझें कर्तव्य आहे. पुष्कळ वर्षांनीं खेळावयास उतरणाऱ्या चाळिशीच्या गृहस्थानें पहिल्याच दिवशीं विशीच्या पोराशीं शर्यत लावूं नये. रक्तदाब, मधुमेह किंवा छातींत दुखणें असेल तर आधीं डॉक्टरांस विचारावें. आरंभीं पंधरा-वीस मिनिटें अंग मोकळें करावें. कठीण जमिनीवर एकाएकीं वळल्यानें घोटा व गुडघा दुखावतो, म्हणून सपाट तळव्याचे, पकड असलेले बूट हवेत. टर्फ कृत्रिम गवताचें असेल तर वैशाखांतल्या दुपारीं तें पायांस चटके देतें. उन्हाळ्यांत सकाळ किंवा रात्रच बरी.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. फुटबॉल नगरकरांस परका नाहीं. येथें लष्कराची छावणी आहे, आणि या प्रांतांत हा खेळ प्रथम रुजविला तो पलटणींनीं. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली तीही पलटणींच्या संघांच्या बळावर. आपला जिल्हा कमी पावसाचा खरा. पण उन्हाळ्यांतील ऊन आणि धूळ, व पाऊस झाला म्हणजे काळ्या मातीचा चिखल, यांमुळें उघड्या मैदानावरचे कित्येक दिवस वायां जातात. छप्पर असलेली जागा हे दिवस वांचविते.

अशी जागा कोठून आणावी? शाळांचीं सभागृहें आहेत. मंगल कार्यालयें लग्नतिथी नसलेल्या दिवशीं रिकामीं असतात. मात्र गुळगुळीत फरशीवर खेळूं देऊं नये. ओल आली कीं ती घात करते. खांब मधोमध असतील किंवा दिवे खालीं लोंबत असतील तेथेंही नको. खरबरीत सिमेंटची जमीन, खडूनें आंखलेल्या रेषा, दिव्यांना जाळी आणि कमी उसळणारा चेंडू, इतक्यावर आरंभ होतो.

खरा प्रश्न पैशाचा आहे. तासाचें भाडें दहा जणांत वांटलें तर नोकरदारास तें जड जात नाहीं. पण प्लॉटवर अनवाणी खेळणाऱ्या मुलास तो वांटाही देववत नाहीं. आज त्याच्या पायाखालचा प्लॉट गेला, आणि उद्यां खेळ जाळीच्या आंत, पैशाच्या पलीकडे गेला, तर त्यानें जाळीस नाक लावून पाहत उभें राहावें काय? मुलींची अडचण आणखी वेगळी. उघड्या प्लॉटवर त्यांस जागाच मिळत नाहीं. बंदिस्त जागा, पुरेसा उजेड आणि ठरलेली वेळ मिळाली तर त्या येतात.

कोल्हापुरांत पेठेपेठेंतील तालमींनीं कुस्तीबरोबर फुटबॉलही आपलासा केला. पाटाकडील तालमीसारखे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हां सारी पेठ त्यांच्या पाठीशीं असते. खेळ वस्तीचा झाला म्हणजे खर्चही वस्तीचा होतो. केडगांवांतही जेथें अशी जागा असेल वा होईल, तेथें आठवड्यांतले दोन तास मुलांस व दोन तास मुलींस विनामूल्य राखून ठेवावे, आणि त्यांचा खर्च सायंकाळीं खेळणाऱ्या प्रौढांच्या भाड्यांतून निघावा. वडिलांनीं खेळावें, आणि त्यांच्या खेळानें शेजारच्या मुलाची जागा राखली जावी. एवढें साधलें तर विटांचे ते दोन ढीग पुढच्या वर्षीं हलले तरी खेळ हलणार नाहीं.