आधी पोटाची चौकशी

चप्पल काढता काढताच सिस्टर विचारतात, "आबा, परसाकडला कधी झालं?" दुखतंय किती, ते नंतर. कॅन्सरच्या रुग्णांना घरी जाऊन पाहणाऱ्या सिस्टरांबरोबर फिरलं की हा क्रम अंगवळणी पडतो.

दुखण्यासाठी मॉर्फिन घेणारे आबा चार दिवस अडलेले. सूनबाईंनी इसबगोल चालू केलं होतं. सिस्टरांनी पोट चाचपलं, कुठे अडथळा तर नाही ना पाहिलं आणि इसबगोल बंद करायला सांगितलं. मॉर्फिनने आतड्यांची हालचालच मंदावते. इसबगोल आत फुगतं, पण पुढे सरकत नाही. त्यात आबांचं पाणी पिणं घोटभर. इथे आतडी हलवणारं औषध लागतं, सोनामुखी किंवा बिसाकोडिल, आणि तेही मॉर्फिनच्या पहिल्या गोळीपासून. मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. मलावरोध मात्र मॉर्फिन चालू असेपर्यंत पाठ सोडत नाही.

मग औषधांची कॅरीबॅग चटईवर उपडी झाली. एक गोळी तापाची, एक अंगदुखीची. पाकिटामागचा बारीक मजकूर वाचला तर दोन्हींत पॅरासिटामॉल! दिवसाला चार ग्रॅमच्या वर गेलं तर यकृताला धोका, आणि आबांसारख्या वाळलेल्या माणसाला मर्यादा त्याहून कमी. शिवाय डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन एकदम. दोन्ही एकाच जातीची. दुखणं दुपटीने कमी होत नाही, जठर आणि मूत्रपिंडाला त्रास मात्र वाढतो. मूत्रपिंड थकलं की मॉर्फिनचे अंश अंगात साठतात. म्हणून लघवीचीही चौकशी.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशामकांची शिडी मांडली: आधी पॅरासिटामॉलसारखी औषधं, मग कोडीन-ट्रॅमाडॉल, मग मॉर्फिन. २०१८ च्या मार्गदर्शनात ती काटेकोर नियम म्हणून उरली नाही. बरंच झालं. असह्य ठणका असलेल्या माणसाला मधल्या पायरीवर ताटकळत ठेवण्यात काय हशील?

"पण मॉर्फिनची सवय लागेल ना?" सूनबाई हळूच म्हणाल्या. म्हणूनच त्या दुखायला लागल्यावरच गोळी देत होत्या.

"कळ आल्यावर गोळी दिली की कळेमागे धावावं लागतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी वहीत वेळा लिहिल्या: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहाला दुप्पट मात्रा, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. खाली ठळक अक्षरांत: हाकेला ओ देईनात किंवा श्वास फार संथ वाटला तर पुढची गोळी न देता लगेच फोन. दोन दिवस पोट साफ झालं नाही तरी फोन. मॉर्फिन आपल्या मनाने बंद करायचं नाही.