आजी मिरजगावला, मीटिंग सहाला

दीड वर्षाचा ब्रेक संपवून ती सोमवारी ऑफिसात रुजू होते. डेस्कवर फुगे, एचआरचं वेलकम कार्ड, दुपारी केक. फोटो लगेच ग्रुपवर. सॉलिड! आणि मंगळवारी निमंत्रण येतं, संध्याकाळी सहाच्या मीटिंगचं... पाळणाघर साडेसहाला बंद होतं आणि खराडीहून तिथे पोचायला तास लागतो.

मंडळी, ऑफिस किती 'आपलं' आहे ते केकवरून कळत नसतं. ते कॅलेंडरवरून कळतं.

आपल्या पुण्या-मुंबईच्या ऑफिसांची एक गंमत आहे. इथे काम करणाऱ्या कितीतरी जणांची सपोर्ट सिस्टीम शहरात राहतच नाही, ती असते गावाला. नगर-सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं मिरजगाव घ्या. अशा गावातून शिकायला पुण्यात आलेली मुलगी इथेच नोकरीला लागते, इथेच संसार थाटते. बाळ झालं की आई चार महिने येऊन राहते. पण तिकडे गुरं, शेत, आजोबांच्या गोळ्या... आईला परत जावंच लागतं. मग एक तर नोकरी सोडायची, नाहीतर बाळाला आजीकडे ठेवून दर शनिवारी पहाटेची एसटी गाठायची. बाळ आजीलाच 'आई' म्हणायला लागलं की घरातले सगळे हसतात. तीही हसते. रविवारी परतीच्या गाडीत काय होतं, ते कुणी विचारत नाही.

कायद्याने थोडी सोय केलीय. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला बघून यायची मुभा मिळाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे कायम आहे. रजेनंतर घरून काम करता येतं, पण काम त्या स्वरूपाचं असेल आणि मालक राजी असेल तरच. म्हणजे गाडी पुन्हा बॉसच्या केबिनपाशी येऊन थांबते! आणि 26 आठवडे म्हणजे जेमतेम सहा महिने. त्या वयात बाळ नुकतं कुठे वरणाचं पाणी चाखत असतं.

बरं, ज्यांनी ब्रेकच घेतला त्यांचं काय? 1974 मध्ये पुण्याच्या टेल्कोच्या जाहिरातीत चक्क लिहिलं होतं की महिलांनी अर्ज करू नयेत. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने थेट जेआरडींना पोस्टकार्ड टाकलं आणि नोकरी मिळवली. त्याच पुढे सुधा मूर्ती. त्याच टाटा समूहाने 2008 मध्ये ब्रेक घेतलेल्या महिलांसाठी 'सेकंड करिअर इंटर्नशिप' सुरू केली. साधारण 500 तासांचा खरा प्रोजेक्ट, तोही सोयीच्या वेळेत, सहाएक महिन्यांत पुरा करायचा. पक्क्या नोकरीची हमी नव्हती, पण बायोडेटातल्या रिकाम्या वर्षांकडे संशयाने न बघता हाती काम देणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. माझ्या मते असं दार जिथे उघडतं, तिथे फुगे नसले तरी चालतात.

2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं क्लॉडिया गोल्डिन यांना. त्यांचं म्हणणं असं, की काही नोकऱ्या 'अधाशी' असतात. रात्री-अपरात्री हजर राहणाऱ्याला त्या घसघशीत पैसे देतात. मग पहिलं मूल झालं की दोघांपैकी एकाने अशी नोकरी सोडायची असते, आणि ती कोण सोडते हे तुम्हाला माहीतच आहे.

म्हणून परतताना इंटरव्ह्यूत नुसतं 'पाळणाघर आहे का' एवढ्यावर थांबू नका. ते किती वाजता बंद होतं, ते विचारा. रजेच्या वर्षाचं अप्रेझल कसं धरतात, ते विचारा. फ्लेक्सी टायमिंग घेतलेल्या कुणाला गेल्या दोन-तीन वर्षांत प्रमोशन मिळालंय का, हे तर नक्कीच! समोरचा अडखळला तर तेही उत्तरच समजा.

आणि टीममधल्या बाकीच्यांनो, तुमच्या चांगुलपणाची जरा भीतीच वाटते. 'तिला नको हा क्लायंट, बाळ लहान आहे...' हे आपण किती मायेने ठरवून टाकतो! तिला विचारलंत का? टूरला जायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे. सहा महिने असंच 'जपलं', तर वर्षअखेरीस तिच्या नावापुढे दाखवायला कामच उरत नाही.

राहता राहिले बाबा. केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांना 15 दिवसांची रजा मिळते. खासगीत कायद्याने एकही दिवस नाही, सगळं कंपनीच्या मर्जीवर. मिळाली तरी घ्यायला बरेच जण कचरतात. बाळाला लस द्यायची म्हणून बाबाने अर्धा दिवस मागितला की 'का रे, बायको नाही का घरी?' असं हसत विचारणारे साहेब अजून आहेत. ती घरी नसतेच हो साहेब. ती ऑफिसात असते, सहाच्या मीटिंगमध्ये.