थिबा राजाची रत्नागिरीतली तीस वर्षं

जयगड, रत्नागिरी, मालवण या बंदरांची बाहेरच्या जगाशी गाठ पडायची ती आगबोटीने. मुंबईहून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड करत रत्नागिरीला लागायची. पावसाळा तोंडावर आला की फेऱ्या बंद. मग घरोघरी आगोट भरायची, तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा रचून ठेवायचा आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची. रेल्वे रत्नागिरीला पोचायला 1990 चं दशक उजाडावं लागलं. 1886 मध्ये इंग्रज सरकारला नेमकी अशीच आडवळणाची जागा हवी होती. पदच्युत राजाला ठेवायचं, आणि त्याच्यापर्यंत कुणी सहजी पोचू नये, एवढीच त्यांची अट होती.

तो राजा म्हणजे ब्रह्मदेशचा थिबा. मुंबईच्याच बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला त्याच्या दरबाराने सागवानाच्या व्यवहारात मोठा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त मिळालं. नोव्हेंबर 1885 मध्ये त्याची राजधानी मंडाले पडली आणि 1 जानेवारी 1886 ला त्याचं राज्य खालसा झाल्याची घोषणा झाली. राजा सत्तावीस वर्षांचा. बरोबर राणी सुपयालत, धाकटी राणी, लहान मुली आणि काही सेवक. तिसरी मुलगी वाटेत मद्रासला जन्मली, चौथी 1887 मध्ये रत्नागिरीत.

आपल्याकडे थिबाची गोष्ट निघाली की राज्य गेलं, हिरे-माणकं गेली, इथवरच सांगितली जाते. मला त्याचे रोजचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. मंडाले हा ब्रह्मदेशातला कोरडा पट्टा. तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या तिपटीहून जास्त रत्नागिरीत चार महिन्यांत कोसळतो. एप्रिलच्या उकाड्यात ही मंडळी उतरली आणि दोन महिन्यांत कोकणचा पाऊस अंगावर आला. कपड्यांना बुरशी, भिंतींना ओल, दार लावावं तर कोंदट, उघडावं तर झड आत. आपल्याला हे जन्मापासून अंगवळणी पडलेलं असतं. परदेशातून आलेल्या कुटुंबाला तेच किती जड गेलं असेल! त्यात पहारा होताच. बाहेर पडायचं तर सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागे, खर्चासाठी सरकारी तनखा, आणि तो पुरेना म्हणून बरोबर आणलेले दागिने एकेक करून विकायला काढलेले. व्हाइसरॉयकडे अर्जांवर अर्ज जात राहिले.

भाड्याच्या बंगल्यांत जवळपास पंचवीस वर्षं काढल्यावर 1910 मध्ये राजवाडा मिळाला. आज आपण पाहतो तो थिबा पॅलेस हाच. उतरती कौलारू छपरं, लाकडी कोरीवकाम, अर्धगोल खिडक्या, समोर भाट्याची खाडी. पाहणाऱ्याला वास्तू देखणी वाटते. तिच्यात राहणाऱ्याला मात्र फाटक ओलांडायची मोकळीक नव्हती.

याच सुमाराला रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक थिबाच्या मंडालेत शिक्षा भोगत होते. 1908 ते 1914 ही सहा वर्षं एकाच साम्राज्याने रत्नागिरीचा माणूस मंडालेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कोंडून ठेवला होता. त्याआधी शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर ब्रह्मदेशातच, रंगूनला पाठवला गेला आणि 1862 मध्ये तिथेच वारला. माणसाला त्याच्या माणसांपासून तोडलं की तो निम्मा संपतो, हे त्या राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं.

राजा-राणी रत्नागिरीत कधी रुळले नाहीत. मुली मात्र रुळल्या. ब्रह्मी सेवक हळूहळू मायदेशी परतले, घरात इथली माणसं कामाला आली आणि राजकन्या मराठी बोलू लागल्या. थोरलीचा जीव त्यांच्याच दारावरच्या दरवानावर, गोपाळ सावंतांवर जडला. त्यांना 1906 मध्ये मुलगी झाली, टूटू. त्या काळी या प्रकरणाचा केवढा बोभाटा झाला असेल! पण वीस वर्षं ज्या मुलीला कोंडून ठेवलं, तिने समोर दिसणाऱ्या माणसात आपलं आयुष्य शोधलं, यात मला काही वावगं दिसत नाही.

डिसेंबर 1916 मध्ये थिबा वारला. त्याचा देह ब्रह्मदेशात न्यायला सरकारने नकार दिला आणि राणी तो इथल्या मातीत ठेवायला तयार होईना. राजाची आणि 1912 मध्ये वारलेल्या धाकट्या राणीची, अशा दोन्ही शवपेट्या राजवाड्याच्या आवारात पडून राहिल्या. 1919 मध्ये सरकारने त्या रत्नागिरीतच बांधलेल्या समाधीत ठेवल्या. त्याच वर्षी सुपयालत रंगूनला परतली. थोरली राजकन्याही गेली, पण तिला तिथे करमेना. ती लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली आणि 1947 मध्ये इथेच वारली. टूटूला ब्रह्मी येत नव्हतं. तिचं लग्न, संसार, मुलंबाळं सगळं रत्नागिरीत झालं. कागदाची फुलं करून, शेण्या थापून विकत राजाची ही नात गरिबीत जगली आणि 2000 मध्ये वारली. शेजारपाजाराने तिला आपलं मानलं. सरकार दरबारी मात्र, इंग्रजांच्या काळात काय नि नंतर काय, तिची म्हणावी तशी दखल कुणी घेतली नाही. हे आपल्याला शोभलं नाही.

घर सोडून परक्या मुलखात राहणारी माणसं आजही आहेत. आज जयगडात बंदर आहे, वीज प्रकल्प आहे, परप्रांतांतून आलेली कुटुंबं आहेत. पहिल्या पावसात त्यांच्याही भिंतींना ओल येते, त्यांचीही मुलं मराठी शाळेत बसतात. आमची कोकणी माणसं आखातात नेमकी उलट बाजूने हेच सोसतात. थिबाला मिळाली नाही ती एक गोष्ट या सगळ्यांकडे आहे, ती म्हणजे परतीचं तिकीट.

डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशाचे, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन समाधीपुढे नतमस्तक झाले. गणपतीपुळे-जयगड करून रत्नागिरीला जाणारे पर्यटक थिबा पॅलेस पाहतात, थिबा पॉइंटवर सूर्यास्त पाहतात आणि परततात. समाधी त्याच शहरात आहे. पुढच्या खेपेला तिथेही जाऊन या, आणि मुलांना बरोबर न्या.