आधीची वेळ नंतर कशी?



आपल्या क्युपर्टिनोत कितीतरी मुलांचे आई-बाबा संगणकाच्या कामात आहेत. "थांब, लॉग बघतोय" हे वाक्य तुम्ही घरी ऐकले असेल. मागेल त्याला वेबपान देणारा संगणक म्हणजे वेब सर्व्हर. कोणी, केव्हा, काय मागितले हे तो ओळीओळीने लिहून ठेवतो. ही त्याची नोंदवही म्हणजे लॉग.

आता या तीन ओळी पहा:

१०:०२:१० – मुखपृष्ठ
१०:०२:४० – लहान चित्र
१०:००:०५ – गणेशोत्सवाची मोठी चित्रफीत

तिसरी ओळ शेवटी, पण तिची वेळ सर्वांत आधीची! पाहणाऱ्याला वाटते, घड्याळ बिघडले किंवा वहीत कोणी ढवळाढवळ केली. बहुतेक वेळा तसे काही नसते.

समजा, आपल्या वर्गाच्या दाराशी एक काकू वही घेऊन बसल्या आहेत. मूल कधी आले आणि किती पाने लिहिली, हे दोन्ही त्यांना एकाच ओळीत लिहायचे आहे. पाने किती झाली हे मूल घरी निघाल्यावरच कळणार. म्हणून ओळ लिहायची निघताना, पण वेळ घालायची येतानाची. अकराला येऊन साडेअकराला गेलेली मुलगी वर येईल. दहाला येऊन साडेबारापर्यंत बसलेला मुलगा तिच्या खाली!

१९९५ साली निघालेला अपाची हा वेब सर्व्हर नेहमीच्या मांडणीत असेच करतो. किती बाइट पाठवले हे काम संपल्यावरच कळते, म्हणून ओळ शेवटी लिहितो. वेळ मात्र मागणी आल्याची. एन्जिनएक्स नावाचा दुसरा सर्व्हर मात्र ओळ लिहितानाची वेळ घालतो. म्हणून वही कोणाची, हे आधी विचारावे.

दुसरे कारण आपल्या ओळखीचे आहे. पुण्याच्या आजीला फोन करताना उन्हाळ्यात साडेबारा तास मिळवतो, हिवाळ्यात साडेतेरा. लॉगमध्येही वेळेपुढे हा फरक ग्रीनिचपासून मोजून लिहितात: इथे उन्हाळ्यात -०७००, हिवाळ्यात -०८००, भारतात +०५३०. तो न वाचता दोन गावांच्या वह्या एकत्र केल्या, तर घोटाळा ठरलेलाच.

पालकांसाठी एक सूचना. सव्वादहापर्यंतच्या नोंदी हव्यात म्हणून १०:१५ ची पहिली ओळ दिसताच वाचणे थांबवू नका. रेंगाळलेली मागणी त्याच्याही खाली असते, आणि "साइट हळू चालते" या तक्रारीचे मूळ बहुधा तिच्यातच सापडते. आधी सगळ्या ओळी वेळेप्रमाणे लावा, मग मोजा. कोणावर ठपका ठेवण्यापूर्वी तर हे कराच.

करून पहा: ३ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे इथली घड्याळे एक तास मागे गेली. एका ओळीत वेळ आहे १:५० -०७००, पुढच्या ओळीत १:१० -०८००. नंतरची ओळ कोणती आणि किती मिनिटांनी?

(उत्तर: दुसरी, २० मिनिटांनी. ग्रीनिचच्या वेळेने पहिली ८:५० ची, दुसरी ९:१० ची.)