कमरेचा पट्टा : उपयोग व मर्यादा

ऊसतोडणी, भातलावणी, पोत्यांची चढउतार अशी कामे करणाऱ्या स्त्रीपुरुषांत कंबरदुखी सर्रास आढळते. अशा वेळी औषधांच्या दुकानातून कमरेचा पट्टा आणावयाचा व तो बांधून पुन्हा कामास लागावयाचे, असा पुष्कळांचा प्रघात आहे. पट्ट्याने काय साधते, हे पैसे खर्च करण्यापूर्वी समजून घेणे इष्ट होय.

पट्टा आवळला असता पोट दाबले जाते, कमरेस ऊब मिळते व वाकण्यास थोडा अडथळा होतो. त्यामुळे काही काळ बरे वाटते; दुखण्याचे मूळ मात्र जात नाही. अमेरिकेत दुकानांतील माल हलविणाऱ्या ९,००० हून अधिक नोकरांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. नियमाने पट्टा बांधणाऱ्यांत कंबरदुखी कमी असल्याचे तीत आढळले नाही. दीर्घकाळच्या कंबरदुखीवर नेहमीचा उपचार म्हणून पट्टा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली सुचविले आहे.

खरा धोका आहे तो भलत्या भरवशाचा. बैल लंगडू लागला की आपण गाडीतील ओझे कमी करतो. स्वतःची कंबर धरली की मात्र पट्टा आवळून तेच ओझे वाहतो, किंबहुना दोघांनी उचलावयाचे पोते एकटेच खांद्यावर घेतो. युरियाचे पोते २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोचे झाले, तरी तेही एकट्याने जमिनीवरून उचलण्याजोगे नव्हे. पोती ओट्यावर किंवा फळीवर रचावीत, म्हणजे कमरेच्या उंचीवरून घेता येतात. ओझे अंगालगत धरावे, गुडघ्यांत वाकावे आणि वळताना कंबर न पिळता पावले वळवावीत. ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळपे वापरल्यास निंदणीचे बरेच काम उभ्याने होते.

एकाएकी उसण भरली असता, डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडे दिवस व दिवसातून काही तासच पट्टा वापरण्यास हरकत नाही. तो सुती कपड्यावरून बांधावा व झोपताना काढावा. अंथरुणास खिळून राहू नये. झेपेल तितके चालतेफिरते राहावे.

पाय बधिर किंवा लुळे पडणे, लघवी अडणे वा नकळत होणे, कंबरदुखीबरोबर ताप येणे, किंवा झाडावरून वा गाडीवरून पडल्यानंतर दुखू लागणे, अशी लक्षणे दिसताच गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रुग्णास पट्टा बांधून घरी न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचविण्याची व्यवस्था करावी.