दिव्यांग विद्यार्थ्यांचे प्रौढ जीवनातील संक्रमण आणि सांघिक आधार : वझ्झरच्या संदर्भात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या बालकास सहा ते अठरा वर्षे या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. बालगृहातील वास्तव्यही सर्वसाधारणपणे अठराव्या वर्षी संपते आणि आईवडिलांचे कायदेशीर पालकत्वही तेथेच थांबते. शाळा, निवारा आणि पालक हे तिन्ही आधार अशा रीतीने एकाच वेळी सैल होतात.

वऱ्हाडात हा प्रश्न शासनापुढे नेटाने मांडला तो विद्यापीठाने नव्हे, तर वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी. अचलपूर तालुक्यातील या गावी ते बेवारस दिव्यांग मुलांचे बालगृह चालवितात. अठरा वर्षांनंतर ही मुले जातात कोठे, असे विचारून त्यांनी वयोमर्यादेनंतरही मुलांना तेथेच राहू देणारा कायदा सातत्याने मागितला. मुलांना त्यांनी स्वतःचे आडनाव दिले, काहींचे विवाह लावून दिले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कायद्याची मागणी मात्र त्यांनी पुरस्कारानंतरही सोडली नाही.

याच बालगृहात वाढलेल्या माला पापळकर या दृष्टिहीन युवतीने महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण केली. निकाल 2024 मध्ये लागला. या यशाचे वर्णन बहुधा एकटीच्या जिद्दीची कथा म्हणून होते. जिद्द होतीच, परंतु वझ्झरचे घर, अमरावतीची अंध शाळा, तेथील महाविद्यालय आणि स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शन करणारे शिक्षक अशी हातांची साखळीही होती. एका हाताने सोडण्यापूर्वी दुसऱ्याने धरले, हे महत्त्वाचे. सांघिक आधार म्हणतात तो हाच. फरक इतकाच की येथे तो एका व्यक्तीच्या आग्रहातून जुळला, व्यवस्थेतून नव्हे.

अमेरिकेतील 2004 च्या सुधारित कायद्याने विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत संक्रमणाचे नियोजन सक्तीचे केले. विद्यार्थी, पालक व शिक्षक एकत्र बसतात. पुढे सेवा देणाऱ्या यंत्रणेलाही बोलावले जाते. आपल्या 2016 च्या अधिनियमात अशा बैठकीची सक्ती नाही.

बौद्धिक दिव्यांग मुलांबाबत एक संघ मात्र कायद्यातच आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 अन्वये जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांची स्थानिक स्तर समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमते. बँकेत खाते उघडताना अडल्यावरच अनेक कुटुंबांना या समितीची आठवण होते, आणि तोवर मूल विशीत आलेले असते.

अमरावती-अकोल्यातील महाविद्यालये या साखळीत उशिरा येतात. शासकीय व अनुदानित संस्थांत पाच टक्के जागा राखीव आहेत. परंतु प्रवेश अर्जावरील दिव्यांगत्वाचा रकाना भरून घेण्यापलीकडे संवाद क्वचितच जातो. लेखनिकाची शोधाशोध परीक्षेच्या तोंडावर सुरू होते. विद्यार्थी बारावीत असतानाच विशेष शिक्षक, पालक, महाविद्यालयातील एक नियुक्त प्राध्यापक आणि स्वतः विद्यार्थी यांची एक बैठक झाली, तर लेखनिक, वसतिगृह, ध्वनिमुद्रित पुस्तके आणि प्रमाणपत्राचे नूतनीकरण हे विषय वेळेत मार्गी लागतील. यासाठी वेगळे अनुदान लागत नाही. त्या प्राध्यापकाच्या कार्यभारात हे तास धरले जावेत, एवढे मात्र लागेल.